चिपी ते आगत्ती किती वेळ? दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणवेळ काढायची रीत

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात एका दुपारी कळव्याचे एक काका आले. गाव कुडाळकडचं. डिसेंबरात गावच्या जत्रेला जायचं, दशावतार बघायचा आणि तिथूनच, सिंधुदुर्गातल्या चिपीच्या विमानतळावरून, पुढे लक्षद्वीपच्या आगत्ती बेटावर, असा त्यांचा बेत. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाले, "चिपी ते आगत्ती. ५९४ किलोमीटर, एक तास चौदा मिनिटं. पाच तिकिटं काढून टाका."

मी स्क्रीन नीट बघितली. समुद्रावरून एक लाल रेघ ओढलेली होती. खाली अंतर, खाली वेळ. विमान कंपनीचं नाव नाही, फ्लाइटचा नंबर नाही, भाडं नाही.

"काका, यात विमान कुठंय?"

"अहो, वेळ दिलीय ना! चौदा मिनिटांपर्यंत दिलीय!"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चौदा मिनिटं म्हटलं की कुणालाही वाटणार, हे कुठल्यातरी वेळापत्रकातूनच आलंय. पण ती वेळ वेळापत्रकातली नसते. अंतराला एका ठरावीक वेगाने भागून त्यात अर्धा तास मिळवलेला असतो. त्या रेघेवर विमान उडतं की नाही, हे त्या पानाला माहीतही नसतं.

आमच्याकडे नवीन कुणी शिकायला आलं की पहिल्या आठवड्यात मी त्याला हेच करायला बसवते. दोन आडबाजूचे विमानतळ देते आणि तीन आकडे काढायला सांगते: सरळ हवाई अंतर, उडण्याचा वेळ, आणि घरून निघून मुक्कामी पोचेपर्यंतचा खरा वेळ. हे तीन आकडे वेगळे ठेवता आले की निम्मं काम झालं. स्वतःची सहल स्वतः आखणाऱ्यांनाही हीच रीत चालेल. लागतो फक्त फोनवरचा कॅलक्युलेटर.

आधी कोड धरा, नाव नंतर

विमानतळ नावाने शोधू नका. गोव्यात दोन आहेत, दाबोळी आणि मोपा. एकाचा कोड जीओआय, दुसऱ्याचा जीओएक्स. मोप्याहून विमानं उडायला लागली जानेवारी २०२३ मध्ये, पण अजूनही "गोवा" एवढंच सांगणारे रोज भेटतात. आता आपल्याकडेही तीच गंमत झाली आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं सुटू लागली. त्याचा कोड एनएमआय, जुन्या मुंबई विमानतळाचा बीओएम. तिकिटावर "मुंबई" वाचून खारघरचा माणूस सवयीने सहारला जाऊन उभा राहिला, तर विमान उलव्याहून निघून गेलेलं असेल. तीन अक्षरं मोठ्याने वाचा. मी गिऱ्हाइकालाही वाचायला लावते. हसतात, पण वाचतात.

प्रवाशांसाठीचा हा तीन अक्षरी कोड आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा. याशिवाय आयकाओचा, म्हणजे हवाई वाहतुकीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा, चार अक्षरी कोड असतो, तो वैमानिक आणि हवाई नियंत्रणवाले वापरतात. भारतात त्याचं पहिलं अक्षर व्ही आणि दुसरं ए, ई, आय किंवा ओ. अगदी लहान धावपट्ट्यांना कधी कधी तीन अक्षरी कोड नसतो, अशा वेळी चार अक्षरी उपयोगी पडतो.

आपल्या उदाहरणापुरतं सांगते. सिंधुदुर्ग, म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातलं चिपी: एसडीडब्ल्यू. आगत्ती: एजीएक्स.

एक लक्षात ठेवा, विमानतळ गावात नसतो. नाशिकचा ओझरला आहे, शिर्डीचा काकडीला. दोन शहरांमधलं अंतर आणि दोन विमानतळांमधलं अंतर यांत एरवी वीस-तीस किलोमीटरने काही बिघडत नाही. पण जिथे एकूण उड्डाणच पाऊणशे किलोमीटरचं असतं, तिथे फार बिघडतं.

अक्षांश-रेखांश, आणि तिथला खड्डा

कोड मिळाला की त्याचे अक्षांश-रेखांश शोधा. कुठल्याही नकाशावर विमानतळावर बोट दाबून धरलं की दिसतात. इथे नव्वद टक्के नवशिके एकाच जागी पाय घसरून पडतात.

आगत्तीचा अक्षांश १० अंश ४९ मिनिटं असा लिहिलेला सापडतो. आमच्याकडे आलेल्या मुलीने तो कॅलक्युलेटरवर १०.४९ असा टाकला. दिसायला बरोबर! पण अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे. ४९ भागिले ६० म्हणजे ०.८२. खरा आकडा १०.८२. या एवढ्याशा टिंबाने आगत्तीची धावपट्टी दक्षिणेला छत्तीस-सदतीस किलोमीटर सरकून समुद्रात गेली. आपण घड्याळ वाचताना साडेदहाला १०.३० म्हणतो आणि हिशेबात १०.५ धरतो, इथेही तेच करायचं.

दशांशात आपले आकडे असे झाले:

चिपी: उत्तर १६.००, पूर्व ७३.५३
आगत्ती: उत्तर १०.८२, पूर्व ७२.१८

विषुववृत्ताच्या दक्षिणेला किंवा ग्रिनिचच्या पश्चिमेला असलेल्या ठिकाणाला उणे चिन्ह लागतं. भारतात काम असेल तोवर ते विसरलं तरी चालतं, म्हणूनच बाहेरचं काम आलं की हमखास विसरतं.

हातानं एकदा तरी काढा

पृथ्वीचा घेर सुमारे ४०,०३० किलोमीटर धरला आणि ३६० अंशांनी भागला, तर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. हा आकडा पाठ करा. उत्तर-दक्षिण अंतर काढायला तो थेट चालतो.

१६.०० वजा १०.८२ = ५.१८ अंश. गुणिले १११.२ = ५७६ किलोमीटर.

पूर्व-पश्चिमेला मात्र तो तसाच चालत नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या. मध्ये रुंद, टोकाला चिमटीत. म्हणून दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाचा कोसाइन घेऊन त्याने गुणायचं. आपला सरासरी अक्षांश १३.४१. त्याचा कोसाइन ०.९७३.

७३.५३ वजा ७२.१८ = १.३५ अंश. गुणिले ०.९७३, गुणिले १११.२ = १४६ किलोमीटर.

आता शाळेतला पायथागोरस. ५७६ चा वर्ग अधिक १४६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ५९४. काकांच्या स्क्रीनवरचाच आकडा, म्हणजे निदान अंतराच्या बाबतीत ती साइट खोटं बोलत नव्हती.

कोसाइनचं बटण फोन आडवा केला की दिसतं. ते दाबण्याआधी कॅलक्युलेटर डिग्रीवर आहे की रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं माप), ते बघा. चुकून रेडियनवर राहिला तर १३.४१ चा कोसाइन ०.६६ येतो आणि अंतर ५८४ निघतं. ही चूक मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण दहा किलोमीटरच्या फरकाने कुणी दचकत नाही. उत्तर वेडंवाकडं आलं की माणूस परत तपासतो. जवळपास बरोबर आलं की तसंच पुढे पाठवतो.

ही रीत पाचसातशे किलोमीटरपर्यंत छान चालते. अंतर हजारांच्या घरात गेलं किंवा ठिकाणं ध्रुवाकडची असली तर सोडून द्या, कारण मग पृथ्वीचा गोलपणा हिशेबात यायला लागतो. मुलांचा प्लास्टिकचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईवरून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा सरळ पश्चिमेला न जाता वर उत्तरेकडे चढतो, युरोपवरून जातो आणि मग खाली उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हाच रस्ता धनुष्यासारखा वाकडा दिसतो, पण गोलावर तोच सर्वांत आखूड. यालाच ग्रेट सर्कल म्हणतात. एवढ्या लांबचं अंतर ग्रेट सर्कल मॅपरसारख्या साइटवर दोन कोड टाकून घ्यावं किंवा गूगल मॅप्सवर अंतर मोजायची सोय आहे ती वापरावी.

मग हातानं कशाला काढायचं? स्क्रीनवर ५९४ च्या जागी ३२१ दिसलं तर ते सागरी मैल आहेत आणि ३६९ दिसलं तर साधे मैल, हे ओळखता यावं म्हणून. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. विमानवाल्यांचं सगळं काम सागरी मैलांतच चालतं, कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजेच जवळजवळ एक सागरी मैल. दोन साइटींवर दोन-तीन किलोमीटरचा फरक दिसला तर मात्र वाद घालत बसू नका. एकीने पृथ्वी चेंडूसारखी गोल धरलेली असते, दुसरीने ध्रुवांवर किंचित चपटी. चपटी धरली तर चिपी-आगत्ती ५९१-५९२ च्या आसपास येतं.

आता वेळ. पण विमान कोणतं?

काकांच्या साइटवरचे एक तास चौदा मिनिटं कुठून आले, ते मी त्यांच्यासमोरच काढून दाखवलं. ताशी ५०० मैल, म्हणजे ८०५ किलोमीटर, हा वेग धरून ५९४ ला भागलं की ४४ मिनिटं येतात. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास त्यात मिळवला की झाले चौऱ्याहत्तर. हिशेब चोख आहे. पण ८०५ चा वेग जेटचा आहे आणि आगत्तीची धावपट्टी साधारण १,२०० मीटरची. बेटच एवढं चिंचोळं की विमानातून बघितलं तर बेटाच्या शेपटीवर धावपट्टी आखल्यासारखी दिसते, दोन्ही बाजूंना पाणी. आपण मुंबई-दिल्लीला ज्या एअरबसमधून जातो ती तिथे उतरवत नाहीत. चिपीची धावपट्टी २,५०० मीटरची आहे, तिथे जेट उतरू शकतं. पण जोडीतल्या अपुऱ्या टोकाचं विमान धरावं लागतं. गाडी बोळात वळवायची तर बोळाची रुंदी बघतात, हायवेची नव्हे.

आगत्तीला जातं ते पंख्याचं एटीआर ७२. त्याचा वेग ताशी सुमारे ५१० किलोमीटर. ५९४ भागिले ५१० म्हणजे ७० मिनिटं. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं आणि थांब्यावर येणं याची पंधरा-वीस मिनिटं मिळवा. दीड तास झाला.

विमानांचे ढोबळ वेग माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलेत. एअरबस ३२० ताशी ८३०. एटीआर ५१०. डॉर्नियर २२८, एकोणीस आसनी, ४०० च्या आसपास. ट्विन ऑटर, तेही एकोणीस आसनीच, २८०. एवढ्या चार ओळींत छोट्या विमानतळांचं बहुतेक काम भागतं.

वर मिळवायची मिनिटं मात्र जागेप्रमाणे बदलतात. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. ८३० ने भागलं तर ८२ मिनिटं होतात, पण वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास लिहिलेलं असतं. कंपनी जी वेळ छापते ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यात रांग आली, आकाशात घिरट्या आल्या, उशिराची तरतूदही आली. छोट्या विमानतळावर रांग नाही. वळलं विमान की सुटलं. म्हणून दोन्ही टोकं छोटी असतील तर पंधरा-वीस मिनिटं, एक टोक मुंबई असेल तर निदान अर्धा तास, असा माझा अंदाज असतो.

वारा

एटीआरला ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून मिळाला, तर त्याचा जमिनीवरचा वेग ४६० उरतो आणि ५९४ किलोमीटरला ७७ मिनिटं लागतात. तोच पाठीमागून असेल तर ६४. येता-जाता तेरा मिनिटांचा फरक पडला. जेटला हा वारा कमी जाणवतो आणि ट्विन ऑटरला फार. लांबच्या प्रवासात तो ठळक दिसतो. पॅसिफिकमधलं ईस्टर बेट चिलेच्या सांतियागोपासून सुमारे ३,७५० किलोमीटरवर आहे. पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे बेटाकडे जायला परत येण्यापेक्षा चांगलाच जास्त वेळ लागतो.

लुक्ला: रेघ आहे, विमानही आहे, तरीही

ठाण्यात ट्रेकर मंडळी कमी नाहीत. दर मोसमात एव्हरेस्ट बेस कॅम्पचे दोन-तीन तरी गट आमच्याकडे येतात. म्हणून दुसरं उदाहरण त्या ट्रेकची सुरुवात जिथून होते त्या नेपाळमधल्या लुक्लाचं, आणि माझ्या मते शिकायला तेच जास्त चांगलं.

लुक्लाचा विमानतळ २,८४५ मीटर उंचीवर आहे. धावपट्टी ५२७ मीटर, म्हणजे आगत्तीच्याही निम्म्याहून कमी, आणि ती सपाट नाही. डोंगराकडे सुमारे पावणेबारा टक्के चढते. उतरताना विमान चढावर येऊन थांबतं, निघताना उतारावरून दरीकडे सुटतं. मोसमात, म्हणजे मार्च ते मे आणि साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, काठमांडूच्या विमानतळावरची गर्दी टाळायला लुक्लाची बरीच विमानं मंथलीहून सोडतात. हे रामेछाप जिल्ह्यातलं, काठमांडूपासून रस्त्याने साधारण १३० किलोमीटर.

मंथली: उत्तर २७.३९, पूर्व ८६.०६. लुक्ला: उत्तर २७.६९, पूर्व ८६.७३.

आता तुम्ही करून बघा. उत्तर-दक्षिण ०.३० अंश, म्हणजे ३३ किलोमीटर. पूर्व-पश्चिम ०.६७ अंश, गुणिले ०.८८७, म्हणजे ६६. वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ७४ किलोमीटर. (इथे कॅलक्युलेटर रेडियनवर राहिला तर कोसाइन उणे येतो, चूक लगेच पकडली जाते. आगत्तीने मात्र फसवलं असतं.)

ट्विन ऑटरने ७४ किलोमीटरला सोळा मिनिटं. रांग नाही, तेव्हा वर पाचेक मिनिटं. वीस मिनिटांच्या आत-बाहेर. प्रत्यक्षातही पंधरा-वीस मिनिटंच लागतात. आणि काकांच्या साइटचा नियम लावला तर? साडेपाच मिनिटं अधिक अर्धा तास, म्हणजे छत्तीस. तोच नियम आगत्तीला वेळ कमी दाखवतो आणि लुक्लाला जवळजवळ दुप्पट. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं २.७ किलोमीटरचं उड्डाण आहे, जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण. वेळापत्रकात दोन मिनिटं आणि वारा साथीला असताना त्रेपन्न सेकंदांतही झालेलं. त्यालाही हा नियम अर्धा तास देईल.

पण मी लुक्ला काढलं ते यासाठी नाही. तिथे वीस मिनिटांचा आकडा अगदी खरा आहे आणि तरीही त्याच्यावर बेत आखता येत नाही. पहाटे मंथलीला हजर राहायचं म्हणजे काठमांडूहून रात्री एक-दोनला जीपने निघायचं, चार-पाच तास वळणावळणांनी. पोचल्यावर पुढे डोंगरात ढग आहेत म्हणून थांबायचं. विमान नजरेनं बघून उतरवायचं असल्याने ढग हटले तरच उड्डाण, आणि दुपारकडे वारा वाढला की तेही बंद. आमच्या एका गटाने वीस मिनिटांच्या या उड्डाणासाठी दोन रात्री मंथलीत काढल्या होत्या. चूक माझी. मी त्यांना ट्रेकहून परतण्याच्या तारखेला धरून मुंबईचं परतीचं तिकीट दिलं होतं, मध्ये एक दिवसही मोकळा नव्हता. तेव्हापासून लुक्ला म्हटलं की दोन मोकळे दिवस आधी लिहिते, मग बाकीचं.

डोंगरातल्या सगळ्याच विमानतळांना हे लागू आहे. लेह ३,२५६ मीटरवर. तिथे बहुतेक विमानं सकाळीच येऊन जातात, कारण ऊन वाढलं की हवा आणखी विरळ होते, वारा सुटतो आणि विमानाला उचलायला जोर पुरत नाही. अनेक छोट्या ठिकाणी रात्री उतरायची सोयच नसते. त्यामुळे "संध्याकाळचं विमान बघा ना" या विनंतीला उत्तर नाही, असं नव्या मुलांना आधीच सांगून ठेवते.

सामानाचंही तसंच. लुक्लाच्या विमानात माणशी साधारण पंधरा किलो, हातातली पिशवी धरून. छोटी धावपट्टी आणि लहान विमान म्हणजे वजनाची ओढाताण आलीच, हे तिकीट काढतानाच सांगा. वजनकाट्यापाशी सांगितलं की भांडण होतं.

आणखी एक बारीक गोष्ट. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं आहे. तिकिटावरच्या निघण्याच्या आणि पोचण्याच्या वेळांची वजाबाकी केली तर मुंबई-काठमांडू जाताना पंधरा मिनिटं जास्त आणि येताना कमी लागल्यासारखी दिसतात.

त्या रेघेवर कुणी उडतं का?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो आणि खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा. तो शेवटी ठेवला, कारण आकडे काढता आल्याशिवाय पर्यायांची तुलना करता येत नाही.

तपासायला सोपं आहे. दोन कोड टाकून तिकिटाच्या साइटवर निदान आठवड्याच्या सातही दिवसांसाठी बघा, कारण छोटी विमानं रोज नसतात. मग फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर त्या विमानतळाच्या मागच्या काही दिवसांच्या येण्या-जाण्याची यादी बघा. वेळापत्रकात आहे पण आठवड्यात दोनदा रद्द झालंय, हे तिथेच कळतं. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतून २०१७ पासून देशभर छोटे विमानतळ जोडले गेले. त्यातले काही मार्ग टिकले, काही काही महिन्यांत बंद पडले. मागच्या वर्षी शेजारी गेला होता, हा पुरावा धरू नका.

चिपी-आगत्ती थेट विमान काही सापडलं नाही. मग मी काकांना नकाशा दाखवला. कुडाळहून गाडीने मोपा तासाभरावर आणि मोप्याहून आगत्तीला एटीआर २०२४ मध्ये सुरू झालेलं. मोपा ते आगत्ती हवाई अंतर काढलं, ५७७ किलोमीटर. चिपीपेक्षा सतरा किलोमीटर कमीच! वेळ तीच, सुमारे दीड तास. आगत्तीला जायचा जुना रस्ता कोचीचा. कोची-आगत्ती ४६८ किलोमीटर, सव्वा तास. पण कुडाळहून आधी कोची गाठणं आलं, आणि तिथे एक रात्र. कागदावर दोन्ही लिहून दिले. काकू इतका वेळ गप्प होत्या, त्या म्हणाल्या, "मोपाच. गाडी आपली असेल."

दोन विमानं बदलून जायचं असेल तर दोन्ही एकाच तिकिटावर आहेत का, बघा. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरं चुकल्याचं नुकसान तुमचं. वेगळ्या तिकिटांमध्ये मी तीन तासांखाली जात नाही, आणि दुसरं विमान दिवसातलं शेवटचं असेल तर रात्रीचा मुक्कामच धरते.

ठाण्यातून निघताना

तिसरा आकडा काढायला कॅलक्युलेटर लागत नाही, पण लोक त्यातच चुकतात. देशांतर्गत विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. त्याच्या आधी रांगेसाठी पाऊण तास. त्याच्या आधी रस्ता. कासारवडवलीहून सकाळी आठला निघून माजिवड्यापर्यंत यायला लागणारा वेळ मंथली-लुक्लाच्या उड्डाणापेक्षा जास्त असतो, हे घोडबंदरवाल्यांना मी सांगायची गरज नाही. ऐरोली, वाशी, बेलापूरकरांना आता नवी मुंबईचा विमानतळ हाताशी आहे; ठाणे पश्चिमेच्या माणसाने मात्र दोन्हीकडचं भाडं, सुटण्याची वेळ आणि त्या वेळेचा रस्ता बघूनच ठरवावं. पहाटे चारला ठाणे-बेलापूर रस्ता आणि संध्याकाळी सहाला ठाणे-बेलापूर रस्ता ही दोन वेगळी ठिकाणं आहेत.

पलीकडच्या टोकाचंही असंच. आगत्तीला उतरल्यावर दुसऱ्या बेटावर जायचं असेल तर बोट, आणि बोटीला भरती-ओहोटी, वारा, उजेड सगळं लागतं. विमानाची वेळ दुपारची असेल तर बोट मिळेलच असं धरू नका.

काकांच्या कागदावर शेवटी हे लिहिलं गेलं: हवाई अंतर ५७७, उड्डाण दीड तास, कुडाळच्या घरातून आगत्तीच्या खोलीत शिरेपर्यंत अर्ध्या दिवसाच्या वर. त्याखाली लाल पेनाने आणखी एक ओळ. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेशाचं परमिट लागतं, ते हातात असल्याशिवाय तिकीट काढून उपयोग नाही. पाचही जणांचे फोटो आणि ओळखपत्रांच्या प्रती घेऊन काका सोमवारी यायचे आहेत.